पिवळा ठिपका

टॉर्च तुमच्या हातात द्यायची आणि लगेच पाठ फिरवून उभं राहायचं, ही शेजारच्या काकांची पद्धत होती. तुम्ही काय पाहताय, किती वेळ पाहताय, तोंड कसं करताय, याकडे ते चुकूनही बघत नसत. तोंड भिंतीकडे, हात मागे बांधलेले. मग प्रश्न यायचा, "पाहिलं?" तुम्ही घाईने हो म्हणालात की ते न वळता म्हणायचे, "पाहून म्हणा."

पाठ कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांचं म्हणणं असं की काम करणारा पहिला माणूस समोर उभा राहिला की तपासणारा दुसरा कामाकडे पाहतच नाही, पहिल्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि त्याला जे ऐकायचंय ते बोलून मोकळा होतो. हे ऐकून मी हसले होते. मी शाळेत गणित शिकवते. वर्गातली निम्मी मुलं फळ्याकडे न पाहता माझ्या भुवयांकडे पाहून उत्तर देतात, हे मला तोवर इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. जबलपुरात रांझीच्या पुढच्या या कॉलनीत मराठी घरं चारपाचच, त्यामुळे ओळख करून घ्यावी लागत नाही, ती अंगावरच येते. मी त्यांना काका म्हणायची, ते मला ताई. वयाने ते माझ्याहून चांगले वीस वर्षांनी मोठे होते, पण ताई म्हटल्यावर बाईला नाही म्हणणं जड जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

फौजेसाठी ट्रक बनतात त्या कारखान्यात ते चौतीस वर्षं तपासनीस होते. तिथल्या त्यांच्या विभागातला नियम ते कोणालाही, अगदी दूधवाल्यालाही, समजावून सांगत. एकाने बोल्ट आवळायचा. दुसऱ्याने तो आवळला गेलाय का ते पाहायचं. दुसऱ्याने तोंडाने "पाहिलं" म्हटलं की मगच त्या बोल्टवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे दोन माणसांचा शब्द. ठिपका नसेल तर ट्रक फाटकाबाहेर जाणार नाही, मग साहेब काहीही म्हणो.

निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात. काका पिवळ्या रंगाचा डबा आणि एक बारीक ब्रश घेऊन आले. गॅसचं सिलिंडर बदललं की काकू येऊन पाहायच्या आणि रेग्युलेटरवर ठिपका पडायचा. काकूंनी लोणच्यात मीठ घातलं की काका चाखून पाहायचे आणि बरणीच्या झाकणावर ठिपका पडायचा. पंख्याच्या कड्या, पाण्याची मोटर, पलंगाचे पाय, सगळं घर कांजिण्या आल्यासारखं दिसायचं. काकू म्हणायच्या, "एक दिवस माझ्या कपाळावरही देतील."

मुलाच्या लग्नाच्या वेळची गोष्ट कॉलनीत अजून सांगतात. मुलीकडची मंडळी नागपूरहून आली, मुलगा पाहिला, पसंत केला, पोहे झाले. उठताना काकांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही पाहिलं ते ठीकच आहे, पण आता घरातल्या दुसऱ्या कोणालातरी पाठवा, त्यांनाही पाहू द्या. त्या गृहस्थांना वाटलं, मुलात काहीतरी खोट आहे आणि बाप आडून सुचवतोय. लग्न मोडता मोडता राहिलं. काकू स्वतः नागपूरला जाऊन समजावून आल्या तेव्हा कुठे ते जमलं.

काकू गेल्या त्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये काकांबरोबर होते. डॉक्टर बाहेर आले आणि जे सांगायचं ते सांगितलं. काकांनी मान हलवली आणि शांतपणे विचारलं, दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी पाहिलंय का. त्या डॉक्टरांना राग आला असता तर मी समजू शकले असते, पण ते भले होते. त्यांनी आतून दुसऱ्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या आत जाऊन आल्या, म्हणाल्या, मी पण पाहिलं. मग काका बाकावर बसले. तोपर्यंत ते उभेच होते.

काकूंच्या जाण्याने एक पद रिकामं झालं आणि ते माझ्याकडे आलं. कसं आलं, कधी आलं, मला सांगता येणार नाही. एका रविवारी भिंतीवरून टॉर्च पुढे आली, "ताई, जरा दोन मिनिटं," आणि त्यानंतर दोन वर्षं मी ती दोन मिनिटं देत राहिले. पहिल्यांदा गाडीखाली जायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, काका, मी बाईमाणूस, आणि मला गाडीतलं काही कळत नाही. ते म्हणाले, "पाहायला डोळे लागतात ताई, मिशा नाही. आणि कळत नाही तेच बरं. कळणारा माणूस अंदाजाने बोलतो." त्यांनी सतरंजी अंथरून दिली होती, डोक्याखाली उशीसुद्धा. कॉलनीतल्या बायकांनी हे दृश्य गच्चीवरून पाहिलं आणि पुढे बरेच दिवस त्या मला मिस्त्रीदीदी म्हणत असत.

आता गाडीबद्दल सांगते. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. बोलणं परत आलं, हात परत आला, डावा पाय अर्धाच आला. ओढत चालता यायचं, पण क्लच दाबणं संपलं. तेव्हा पुण्याच्या मुलाने त्यांच्यासाठी जुनी पण चांगल्या स्थितीतली एक पिकअप घेतली. पुढे चार माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, आणि मुख्य म्हणजे आपोआप गिअर बदलणारी. डाव्या पायाला काम नाही. जबलपुरात अशा गाड्या तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

ती गाडी त्यांना कशासाठी हवी होती, हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाटणच्या बाजूला त्यांची थोडी जमीन होती. हिवाळ्यात मटार, बाकी वेळी काहीबाही, आणि कसणारा माणूस वेगळा. शेतीत काकांना काडीचं कळत नव्हतं. पण आठवड्यातून तीन दिवस ते तिथे जाऊन कडुलिंबाखाली बसायचे, आणि आसपासचे लोक बिघडलेली यंत्रं घेऊन यायचे. कोणाचा पाण्याचा पंप, कोणाच्या ट्रॅक्टरचा ब्रेक, एकदा तर कोणी पिठाच्या चक्कीचं जातं आणलं होतं. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेले होते. कॉलनीत त्यांना कोणी काही विचारत नसे. तिथे माणसं रांग लावून बसलेली असत आणि काही करण्याआधी "बाबूजी, देख लीजिए" म्हणत. तिथे ते ओढत चालतात हे मला दिसायचंच नाही.

तर गाडी गेली असती तर हे गेलं असतं. बसमध्ये त्यांच्याने चढवत नव्हतं.

आणि गाडी जायची वेळ एकदा आलीच होती. काकू गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी अजून त्या पदावर रुजू व्हायच्या आधी, ते एकटेच गाडीखाली गेले आणि डावा पाय अडकून तिथेच पडून राहिले. दोन तास. दूधवाला आला म्हणून निभावलं. मुलगा पुण्याहून धावत आला, गाडी विकायची म्हणाला. बापलेकांचं तीन दिवस चाललं होतं, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. शेवटी ठरलं ते असं की गाडीच्या कामाला हात लावताना जवळ दुसरं माणूस हवं, आणि त्याने पाहिल्याशिवाय काम पुरं नाही. हे ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी गाडी विकायची. मुलगा जाताना मला म्हणाला होता, "ताई, तुमच्या भरवशावर सोडून चाललोय." मी हो हो म्हटलं. माणूस स्टेशनवर निघालेला असताना आपण दुसरं काय म्हणतो?

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदलायचं ठरवलं. शोरूममध्ये सांगितलं होतं की या गाडीचं हे तेल जन्मभर चालतं, बदलावं लागत नाही. काका घरी येऊन मला म्हणाले, "जन्मभर म्हणजे कोणाच्या जन्मभर? गाडीच्या का माझ्या?" तेल आणि फिल्टर त्यांनी दिल्लीहून मागवले. खोकं आलं त्या दिवशी ते इतके खुश होते की मला घरी बोलावून फिल्टर दाखवला. चपटा, भाकरीएवढा, वर एक आखूड नळी आणि त्या नळीवर काळी रबरी कडी. बाळ दाखवावं तसा त्यांनी तो मला दाखवला.

रविवारी सकाळी नऊला काम सुरू झालं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर गाडी चढवलेली, चाकांना पुढे मागे दगड. आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, म्हणजे तेल पातळ होतं. मग खाली घमेलं ठेवून त्यांनी तळाचा बोल्ट काढला. नवं असताना हे तेल कुंकवासारखं लाल असतं म्हणे. आलं ते काळ्या चहासारखं होतं. ते म्हणाले, "जन्मभर."

तेल गळून गेल्यावर गिअरबॉक्सच्या खालची थाळी काढायची होती. वीसेक बोल्ट, एकेक करून, समोरासमोरचे. थाळी खाली आली तेव्हा तिच्यात उरलेलं तेल त्यांच्या बाहीवर सांडलं. थाळीच्या तळाला एक छोटं चुंबक असतं, त्यावर करड्या रंगाचा चिखल बसला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन मला दाखवला. झिजलेल्या लोखंडाची पूड, पण कण नाहीत, म्हणजे आत सगळं ठीक आहे. त्यांचा चेहरा मला आठवतो. रिपोर्ट चांगला आल्यावर माणसाचा होतो तसा.

मग त्यांनी जुना फिल्टर ओढून काढला, आणि सरपटत बाहेर येऊन जे बोलले ते मी शब्दशः सांगते. "ताई, आता नीट ऐका. फिल्टर निघाला, पण त्याच्या नळीवर कडी नाही दिसून राहिली. कदाचित कधीचीच विरघळली असेल. कदाचित वर भोकात अडकून बसली असेल. जुनी आत राहिली आणि नवी तिच्यावर चढली तर हवा ओढेल, गिअरबॉक्स जळेल. मी बोट घालून पाहिलं, मला काही लागलं नाही. पण साखरेने माझ्या बोटांचं मेलंय सगळं. माझी बोटं आता खोटं बोलतात."

दोन वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. एरवी मी पाहत असे ते त्यांनी आधीच पाहिलेलं असे, माझं पाहणं म्हणजे पूजेतली सुपारी. त्या दिवशी मात्र त्यांना माझ्या बोटांची गरज होती आणि ती त्यांनी बोलून दाखवली.

मी खाली गेले. टॉर्च लावली. वरून तेलाचा एकेक थेंब पडत होता, एक माझ्या कानाजवळ पडला. अंगावर नुकताच धुतलेला स्वेटर होता. घरात सहामाहीच्या चाळीस वह्या पडल्या होत्या. भोक दिसत होतं, काळं, चकचकीत, आणि त्याच्या आतल्या कडेला काळं काही असलं तर ते दिसणार नव्हतं, हात घालावा लागणार होता. दोन वर्षांत मी त्यांची एकही चूक पकडली नव्हती, कारण त्यांची चूक होतच नसे. मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. तुम्ही म्हणाल, मोजायला वेळ होता तर हात घालायला का नव्हता. मी पण तेच म्हणते.

"पाहिलं?" त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"पाहिलं. काही नाही."

"पाहून म्हणा."

"पाहिलं काका."

मी बाहेर आले. ते वळले आणि त्यांनी हात पुसायला फडकं पुढे केलं. मी हात पुसले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, फडकं परत घेतलं, आणि नवा फिल्टर घेऊन खाली गेले. फिल्टर बसला, थाळी बसली, बोल्ट आवळून झाले. जितकं तेल निघालं होतं तितकंच नवं मोजून भरलं, इंजिन चालू करून गिअरची दांडी प्रत्येक खुणेवर थोडी थोडी थांबवली, मग कांडी काढून तेलाची पातळी पाहिली. ती मात्र मी खरोखर पाहिली. शेवटी ते पुन्हा खाली गेले आणि सगळ्या बोल्टांवर ठिपके देऊन आले. दुपारी आम्ही त्याच गाडीतून एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालत होती.

बारा दिवसांनी पाटणहून परत येताना, मागे मटाराची पोती होती, एका चढावर गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, पण चाकं जागची हलत नव्हती. ज्या लोकांचे ट्रॅक्टर ते दुरुस्त करून देत, त्यातल्याच एकाच्या ट्रॅक्टरने गाडी शहरापर्यंत ओढत आणली. गॅरेजवाल्याने थाळी उघडली, फिल्टर ओढला, आणि भोकात पेचकस घालून दुसरी कडी काढली. जुनी, कडक झालेली. काकांनी ती खिशात घालून घरी आणली आणि मला दाखवली. मी म्हणाले, चहा घेता का.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी खाली पाहिलं. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. गॅरेजवाल्याने बोल्ट डब्यात घालून दिले होते ते समोर होते, शेजारी वाटीत रॉकेल. एकेक बोल्ट उचलून ते चिंधीने त्यावरचा पिवळा ठिपका पुसून काढत होते. पुरा निघेपर्यंत पुसायचे, उन्हात धरून पाहायचे, मग बाजूला ठेवायचे. मला कळलं की मुलगा येणार आहे. मला हेही कळलं, किंवा तेव्हा वाटलं, की ते माझं नाव पुसतायत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खाली जाऊन त्यांचा हात धरावा असं वाटलं. मी राहिलेले कपडे वाळत घातले.

मुलगा आला. गिअरबॉक्स दुरुस्त होईल, त्याचं काही नाही, असं तो आल्या आल्या म्हणाला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. मी तेव्हा पोह्यांची ताटली घेऊन त्यांच्या दारात उभी होते.

"बाबा, काम करताना दुसरं कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच होतो."

"ताईंना बोलावलं नाही?"

"त्यांना काहून बोलावू? त्यांच्या वह्या चालू होत्या."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता, तो माझ्याकडून फक्त दुजोरा मागत होता. मी ताटली खाली ठेवली. बोलायचं ते त्याच वेळी बोलायचं होतं आणि त्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, पोहे गार होतील. मुलगा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, आपलं काय ठरलं होतं?" ते म्हणाले, "ठरलं होतं ते मला माहीत आहे. चलो, विकून टाक."

भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती करणाऱ्या एका माणसाने गाडी घेतली. दुरुस्ती त्याने करून घेतली आणि महिन्याभराने आमच्या रस्त्यावरून तो ती चालवत गेला, मागे गवतात गुंडाळलेला नंदी. काका फाटकात उभे होते. त्यांनी कान देऊन आवाज ऐकला आणि मला म्हणाले, "छान चालून राहिली."

त्यानंतर एकदा मी त्यांना पाटणच्या बसजवळ पाहिलं. मी स्कूटरवर, ते रस्त्यापलीकडे. उजवा पाय पायरीवर ठेवून त्यांनी दांडा धरला, पण मागच्या डाव्या पायाला जमीन सोडवेना. कंडक्टर वरून म्हणाला, "बाबूजी, जल्दी." एकाने खालून हात दिला तर काकांनी तो बाजूला केला. दुसऱ्यांदा केला तेव्हा बस निघाली. ते तिथेच उभं राहून धोतराची निरी सारखी करत होते, जणू त्यासाठीच खाली उतरले होते. मी स्कूटर वळवून शाळेत गेले. त्या दिवशी मी मुलांवर खूप चिडले.

होळीच्या आधी मुलाने पुण्याला न्यायचं ठरवलं, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी मी शेवटी त्यांच्याकडे गेले. ते ट्रंक भरत होते. मी दारातूनच म्हणाले, "काका, त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

ते सदऱ्याची घडी घालत राहिले. "वर हात घातला असता तर कोपरापर्यंत तेल आलं असतं. तुम्ही कोरडे हात पुसले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"दुसऱ्याने पाहिलं म्हटलं की पहिल्याने परत पाहायचं नसतं. परत पाहिलं तर मग दुसरा ठेवायचा कशाला? तिथेच चुकलो मी. बोलायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं तसं घडत नव्हतं. मी रडण्याच्या तयारीने आले होते, आणि इथे एक तपासनीस मला चुकांची वाटणी समजावून सांगत होता. मी म्हणाले, तुम्ही मला वाचवायला मुलाशी खोटं बोललात, आणि ते मला झेपत नाहीये. तेव्हा त्यांनी सदरा खाली ठेवला.

"तुमच्यासाठी नाही बोललो ताई. एकट्याने केलं म्हणून चुकलं, इतकंच त्याला कळू दे. दोघांनी पाहिलं, ठिपका दिला, आणि तरी चुकलं, असं सांगू त्याला? मग चौतीस वर्षं मी काय करून राहिलो होतो?"

"पण खरं सांगितलं असतं तर गाडी राहिली असती."

"राहिली असती," ते म्हणाले. मग ट्रंकेचं झाकण लावता लावता म्हणाले, "तुम्ही पण त्याला सांगू नका."

गेल्या आषाढात पुण्याहून मुलाचा फोन आला. सकाळी झोपेतच गेले, त्रास झाला नाही, म्हणाला. इथे त्यांचं मन लागलं नाही कधी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायचे. दोघांचं बोलून झालं, आता फोन ठेवायचा, अशा जागी येऊन तो म्हणाला, "ताई, गाडी विकायला नको होती असं कधी कधी वाटतं. पण त्यांनी ते काम एकट्याने करायला नको होतं. खरं ना?"

मी "हो" म्हणाले.